अंगठ्याखालचा माणूस

कॅमेरा म्हणाला अकरा. मी मोजले दहा.

पुन्हा मोजले, तरी दहाच. एकतीस वर्षं शाळेत काढली आहेत मी. सहलीला नेलेली बेचाळीस पोरं तुळजापूरच्या गर्दीतून बेचाळीसच्या बेचाळीस परत आणली आहेत, तेव्हा डोकी मोजायला मला कुणी शिकवू नये. आमच्या रविवार मंडळाचा वार्षिक फोटो होता. कॅमेरा तिपाईवर लावला, दहा सेकंदांची मुदत दिली, पळत जाऊन रांगेत उभी राहिले आणि नंतर येऊन पडदा पाहिला. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आलं होतं : चेहरे ११. मंडळाचे सभासद माझ्यासकट दहा.

हा कॅमेरा प्रत्येक चेहऱ्याभोवती हिरवा चौकोन काढतो. दहा चौकोनांत दहा माणसं होती, त्यांतल्या सात जणांनी पोट आत ओढलेलं. अकरावा चौकोन मल्लिनाथ हत्तुरेंच्या खांद्यामागे होता आणि त्यात भिंतीचा चुना होता, दुसरं काही नाही.

हत्तुरे म्हणाले की कॅमेऱ्यालाही आता चष्मा लागलाय. सगळे हसले. मीही हसले, पण हात गार पडले होते. सहलीत एक पोरगं कमी भरलं तर काय करायचं, ते प्रत्येक मास्तरणीला ठाऊक असतं. एक जास्त भरलं तर काय करायचं, ते कुणी शिकवत नाही.

*

सोलापुरात हौशी छायाचित्रकारांचं मंडळ अजून आहे, याचंच बाहेरच्यांना नवल वाटतं. फोन स्वतःच क्षण हेरतो, स्वतःच फोटो काढतो, आकाश फिकं असलं तर निळं करून देतो. अशा दिवसांत हाताने शटर दाबणारा माणूस म्हणजे दारात गिरणी असताना जात्यावर दळणारा. आम्ही दहा जण तसले. बहुतेक निवृत्त, सगळे हट्टी, आणि उजेड आपल्यालाच कळतो अशी प्रत्येकाची खात्री.

मी कॅमेरा घेतला तो निवृत्तीनंतर. सुरुवातीला उन्हातल्या पांढऱ्या चादरीचा फोटो काढला की नुसता पांढरा डाग यायचा. मग वही घातली आणि सरावाला बसले. एकच नळ, रोज तीस वेळा, तीस उजेडांत. अशोक चौकातल्या धावत्या रिक्षा, शटरचा वेग कमी ठेवून. वाळत घातलेल्या चादरी, एकेक पायरी उजेड उतरवत, सूत न् सूत दिसू लागेपर्यंत. प्रत्येक फ्रेमपुढे आपली चूक लिहायची. चार वर्षांत सात वह्या भरल्या.

मंडळाची रीत अंगठ्याची. रविवारी अकरा वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायचं आणि छापलेला फोटो हातोहात फिरवायचा. ज्याचा फोटो त्याने तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी फोटोतल्या एकेका गोष्टीवर अंगठा ठेवून बघायचं. झाकल्यावर फोटो सुधारला, तर ती गोष्ट फालतू. विजेची तार, उकिरडा, कुणाच्या तरी स्कूटरचं चाक. हत्तुरे मंडळाचे अध्यक्ष. त्यांचा अंगठा रुंद आणि मत त्याहून रुंद.

माझ्या फोटोंवर अंगठा बहुतेक एकाच जागी पडायचा. माझ्या नवऱ्यावर.

नरसय्या येमूल. जकार्ड मागावरच्या चादरींसाठी नक्षीची कार्डं पाडण्यात, म्हणजे नक्षीबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडण्यात, त्यांचं आयुष्य गेलं. डोक्यावर बारा महिने राखाडी लोकरीची टोपी, सोलापूरच्या मे महिन्यातसुद्धा. माझी तिपाई उचलायला बरोबर यायचे, फ्रेममध्ये कागद, पिशवी काही पडलेलं दिसलं की उचलायला पुढे व्हायचे, आणि कचरा उचलून स्वतः तिथेच राहायचे. सूर्यास्ताच्या डाव्या कडेला टोपी. देवळाच्या ओवरीत एक चप्पल. बगळ्यामागे कोपर. सगळं गाव मला बाई म्हणतं म्हणून तेही बाई म्हणतात. मी चिडले की म्हणायचे, "बाई, मी किनारीत बसणारा माणूस. मधे येतो का कधी?"

मागच्या दिवाळीत मंडळात गुरुजी आले. गुरुजी म्हणजे डोक्याला बांधायची एक पट्टी. तिचं खरं नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. तिचं काम समजायला सोपं आहे. पाहण्याचं काम डोळा थोडं करतो आणि डोक्याच्या मागच्या भागातला मेंदू जास्त करतो. पट्टी तिथली सूक्ष्म वीज वाचते. कॅमेऱ्याला डोळा लावला की मेंदू कशाला महत्त्व देतोय आणि कशाला नाही, हे तिला कळतं. मेंदूने नेमक्या जागी लक्ष दिलं की कानामागे हलकी टिक् होते आणि आत कुठेतरी गोड वाटतं, गणित बरोबर आलेल्या पोराच्या पाठीवर थाप पडावी तसं. मुद्दाम काही शिकायचं नाही. त्या थापेसाठी मेंदू आपण होऊन आपल्या वाटा बदलत जातो. वीस वर्षांत येणारी नजर पाच-सहा हजार टिकांत येते.

पण चांगलं काय आणि फालतू काय, हे गुरुजींना आधी आपण शिकवायचं. जुने फोटो टॅबच्या पडद्यावर एकामागून एक येत, आणि नको त्यावर अंगठा दाबायचा. आम्हाला तर आयती सवय. थंडीत गुडघ्यांवर चादर घेऊन मी चार वर्षांचे फोटो दाबत बसले. तार, अंगठा. पिशवी, अंगठा. टोपी, अंगठा. येमूल शेजारी शेंगा फोडत असायचे आणि मधूनच विचारायचे, "मी गेलो का?"

"गेलात," मी म्हणायची.

हत्तुरेंनी वर आणखी एक केलं. एकाने दाबलेले अंगठे सगळ्यांच्या पट्ट्यांना शिकवणारी एक सोय त्यात होती, ती त्यांनी अभिमानाने चालू केली. मंडळाची नजर एक झाली पाहिजे, म्हणाले.

झाली की. जानेवारीपर्यंत माझे फोटो मलाच ओळखू येईनात. उजेड, रेषा, मोकळी जागा, सगळं आपापल्या ठिकाणी. नुसत्या डोळ्यांनीही गाव स्वच्छ दिसू लागलं. तारा नाहीत, फलक नाहीत, उकिरडे नाहीत. मला वाटलं, महापालिकेने मनावर घेतलं. एवढा भोळेपणा मी सातवीच्या पोराला माफ केला नसता. पुण्याच्या प्रदर्शनात हौशी लोकांपैकी एकाला अख्खी भिंत मिळणार होती, वीस फोटोंची. मंडळाने एकमताने माझं नाव पाठवलं.

हत्तुरेही खूश होते. त्यांच्या घरीसुद्धा म्हणे शांतता नांदत होती. त्यांची थोरली बहीण गंगक्का, लग्न न करता जन्मभर भावाचं घर सांभाळणारी, त्यांच्या गच्चीवरच्या प्रत्येक सूर्योदयात पापड घालताना यायची. ती अलीकडे मधे मधे करत नाही, असं ते सांगत होते. "अक्का सुधारली," म्हणाले. सत्तरीत सुधारलेलं माणूस मी पहिल्यांदाच ऐकतेय, असं मी म्हटलं आणि सगळे हसले.

*

घरी बारीकसारीक घडत होतं, पण मी ते वहीत लिहीत नव्हते. चहा एकच कप व्हायचा. दारात मी कशाला तरी धडकायची. येमूलांचा आवाज नेहमी आतल्या खोलीतून आल्यासारखा वाटायचा. एकदा जेवायला एकच ताट घेतलं, तर आवाज आला की आज माझा उपास आहे का. हसत हसत मी दुसरं ताट मांडलं. कुणापुढे मांडलं ते पाहिलं नाही. घरात आम्ही तेलुगू बोलतो, बाहेर मराठी, भांडताना दोन्ही. त्या दिवसांत ते दोन्ही बोलेनासे झाले. मला वाटलं, म्हातारपणाचा रुसवा. त्यांना वाटलं, बाई मोठ्या झाल्या, पुण्याला चालल्या.

वार्षिक फोटोच्या दिवशी घरी आले आणि हाक मारली, "अहो."

"ओ." आवाज खिडकीजवळच्या खुर्चीतून आला, माझ्यापासून तीन हातांवरून.

खुर्ची रिकामी होती. तिच्यावर दुपारचं ऊन, वेताची वीण, आणि जमिनीवर पडलेली जाळीदार सावली. फार सुरेख फ्रेम होती. पट्टी डोक्यावर नव्हती, तरी कानामागे टिक् झाल्यासारखं वाटलं. तो गोडवा अंगात पसरला.

मी हात पुढे केला. बोटांना लोकर लागली.

त्याबरोबर ते दिसले. हळूहळू नाही, एकदम. अख्खा माणूस, मांडीवर वर्तमानपत्र, चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघणारा. काय झालं, त्यांनी विचारलं. टोपीला धूळ होती, मी म्हटलं. बोटं टोपीवर होती तोवर ते दिसत राहिले. मग मी भाजीकडे वळले आणि परत पाहिलं, तर खुर्ची, ऊन, सावली.

दुसऱ्या दिवशी फौजियाकडे गेले. डॉक्टर फौजिया बागवान, मेंदूच्या विकारांची डॉक्टर, माझ्या हाताखालून दहावी झालेली. माझ्या एका मैत्रिणीचं असं असं होतंय, मी सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती.

"बाई, शाळेत पोरं असंच म्हणायची. माझ्या मित्राने खिडकी फोडली."

मग तिने मला एक डोळा मिटायला लावला आणि विचारलं, काय दिसतंय. माझं नाक दिसत होतं. ते दिवसभर नजरेतच असतं, ती म्हणाली, पण मेंदूने ठरवलेलं असतं की हे कामाचं नाही, म्हणून तो ते वगळतो. डोळ्याचा दोष नाही. उजेड आत जातो, चित्र उमटतं, फक्त लक्ष तिथे कधीच पोचत नाही. तुमच्या पट्टीने मेंदूला आणखी काही नाकं दिलीत. स्पर्श झाला की मेंदूला दखल घ्यावीच लागते, म्हणून तेवढा वेळ माणूस परत येतो. किती दिवसांनी बरं होईल, मी विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. एवढंच म्हणाली की आजपासून पट्टी डोक्याला लागता कामा नये, आणि घरी आज सांगा.

पट्टी मी पिशवीत ठेवली. एकोणीस फोटो तयार होते. विसावा हिप्परग्याच्या तलावावरचा घ्यायचा होता, तिथे रोहित पक्षी उतरले होते. येत्या रविवारी तो घ्यायचा, मग पट्टी कायमची काढायची आणि मग सांगायचं, असं मी ठरवलं. परीक्षेच्या आधी आजारी पडायचं नाही, हे मीच पोरांना शिकवलेलं.

सहा दिवस मी त्यांना हात लावत राहिले. चहा देताना बोटांना बोट, जिन्यात कोपर, झोपताना मनगट. सुटला हात की घर रिकामं व्हायचं. रस्त्यात मी त्यांची बाही सोडली नाही. ते सुखावले होते, आणि तेच मला सोसत नव्हतं.

"चाळीस वर्षांत एवढा हात धरला नव्हतास," शुक्रवारी भाजी मंडईत ते म्हणाले. "डॉक्टरने मला किती दिवस दिलेत, खरं सांग."

*

रविवारी पहाटे स्कूटरवर मी त्यांना मागून घट्ट धरून बसले. हिप्परग्याला पोचलो तेव्हा पाणी राखाडी होतं आणि त्यावर चाळीसएक रोहित एका पायावर उभे होते. काठावर येमूलांनी आपली जुनी सोलापुरी चादर अंथरली, तिपाई लावली. मी पट्टी बांधली. सूर्य वर आला, पाणी तांबूस झालं, आणि टिका सुरू झाल्या. एवढ्या सलग टिका कधीच आल्या नव्हत्या.

तेवढ्यात त्यांचा आवाज आला की तुझ्या पाण्यात निळी पिशवी आहे, बाभळीच्या काटकीला अडकलेली.

मी पाहिलं. पिशवी नव्हती. म्हणजे होती, मला दिसत नव्हती, पण पुण्याच्या परीक्षकांना दिसली असती. मी खरं सांगायला हवं होतं. माझ्या तोंडातून आलं, "काढा ना मग, उजेड जातोय."

चपला काढल्याचा आवाज. पाण्यात पाऊल पडल्याचा. मग मी विसरले. हे लिहिताना लाज वाटते, पण वहीत चूक लिहायची म्हणजे लिहायची. मी विसरले. सहा-सात मिनिटं मी जन्मातले उत्तम फोटो काढले.

"बाई, चिखलाने पाय धरलाय," त्यांचा आवाज आला, हसरा. मी हं म्हटलं. पुढची फ्रेम.

"बाई." पुढची.

"प्रमिला."

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी मला या नावाने हाक मारली होती, आणि सासूबाई गेल्या त्या दिवशी. मी डोळा कॅमेऱ्यावरून काढला.

समोर तलाव होता. गुळगुळीत पाणी, गुलाबी पक्षी, मागे धुरकट टेकडी. माणूस नव्हता. पाण्यावर वर्तुळं उठत होती, एकामागून एक, ज्यांच्या मधोमध काहीच नव्हतं. त्यातून माझ्या नवऱ्याचा आवाज येत होता. इकडे बघ, तो म्हणत होता, अगं मी इथे आहे, इकडे बघ. मी बघत होते. ते माझ्या डोळ्यांत डोळे घालून ओरडत असतील आणि मी त्यांच्या आरपार टेकडी बघत होते. पक्षी उडाले. सगळे एकदम. कानामागे टिक् झाली.

पट्टी ओढून फेकली. काही बदललं नाही. दिसायला हात लावावा लागतो, आणि मधे पाणी होतं. आवाजाच्या रोखाने शिरावं, तर रुतून दोघंही गेलो असतो.

तेव्हा मला ते अकरावं डोकं आठवलं. कॅमेरा उचलला आणि पाण्यावरून फिरवला, उजवीकडून डावीकडे, पोरांची रांग मोजावी तसा हळू. पडद्याच्या कोपऱ्यात शून्य. शून्य. शून्य. मग एक.

रिकाम्या पाण्यावर हिरवा चौकोन उभा होता. काठापासून दहा-बारा हात आणि मी बघत होते तिथून बराच डावीकडे. आत नुसतं पाणी. तो थरथरत होता आणि, मी नीट पाहिलं, हळूहळू खाली सरकत होता.

बसायला घेतलेली चादर ओढली, लांबीला पिळली, टोकाला तिपाई बांधली. मऊ चिखल लागेपर्यंत पुढे गेले आणि पोटावर आडवी झाले. एका हाताने कॅमेरा डोळ्याला, दुसऱ्याने चादर. पहिली फेक चौकोनाच्या पलीकडे गेली. दुसरी अलीकडे पडली. मी आवाज दिला, मला तुम्ही दिसत नाही, तुम्ही धरा. चौकोनाची खालची कड पाण्याला टेकली होती.

तिसऱ्या फेकीला चादर पाण्यावर पडली, आणि तिचं टोक आपसूक वर उचललं गेलं. हवेत ताणलं गेलं. मी ओढलं. चाळीस वर्षांपूर्वीची चादर, त्यांनीच पाडलेल्या कार्डांवर विणलेली. ती कुरकुरली, पण फाटली नाही. किती वेळ ओढलं ते सांगता येणार नाही. अखेर गार, बुळबुळीत बोटं माझ्या मनगटाला लागली, आणि माझ्यापुढे छातीपर्यंत चिखलात माखलेला एक म्हातारा होता, डोक्यावर टोपी तशीच.

*

आम्ही काठावर येऊन बसलो. मी त्यांचा हात सोडला नाही, आणि आता त्यांनाही त्याचं कारण कळलं होतं.

"मी तुला दिसत नव्हतो," ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. गुरुजी, नाक, खुर्ची, फौजिया, सहा दिवस. त्यांनी टॅब मागितला. दाबलेल्या अंगठ्यांची यादी त्यात असते, ती मी कधी उघडली नव्हती. चष्मा गेला होता; पडदा नाकापाशी धरून, नक्षीचं कार्ड तपासावं तसं एकेका ओळीवर बोट ठेवत त्यांनी वाचलं. विजेच्या तारा, एक हजार दोनशे दहा. पिशव्या, नऊशे चाळीस. दुचाकी वाहनं, आठशे सत्तावीस. सगळ्यांत वर, राखाडी टोपीचा पुरुष, तीन हजार एकशे अठरा.

"पहिला आलो की," ते म्हणाले. मग त्या ओळीवर पुन्हा बोट ठेवून, "तारांच्याही वर."

मला रडू फुटलं नाही. भीती एवढी होती की रडायला जागा नव्हती. तीन हजार वेळा मी माझ्या हाताने, शेंगा खात, हसत, या माणसाला पुसलं होतं, आणि मेंदू बिचारा आज्ञाधारक निघाला.

ते वाचतच राहिले. मग त्यांचं बोट पुन्हा वर सरकून दुसऱ्या ओळीवर थांबलं. तारांच्या वर, त्यांच्या स्वतःच्या लगेच खाली. पापड घालणारी बाई, दोन हजार चारशे दोन.

"हे अंगठे तुझे नाहीत. आपल्या एकाही फोटोत पापड नाहीत," ते म्हणाले. "ही गंगक्का."

*

मंडळ अकराला भरतं. आम्ही चिखलासकट थेट तिथेच गेलो. खोलीत नऊ जण होते, कपाळावर पट्ट्या, चहा चालू. मी येमूलांच्या बाहीला धरून दारात उभी राहिले. त्यांच्या अंगातून पाणी ठिबकत होतं.

हत्तुरेंनी माझ्याकडे पाहिलं आणि चिखलाची चौकशी केली. मग म्हणाले, "आज एकट्याच? येमूल नाही आले?"

येमूल त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. चाळीस वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं, तलावातसुद्धा नाही. तिथे मला ते दिसत नव्हते. आता पाहिलं. मी एकटी त्यांना विसरले असते तर तो घरातला मामला होता. इथे सगळी खोलीच त्यांना विसरली होती.

फोटो फिरत असताना ज्याचा फोटो त्याने बोलायचं नाही, ही रीत मी चार वर्षं पाळली होती. टेबलावर हात आपटला आणि शाळेतल्या आवाजात म्हटलं, "नरसय्या येमूल."

"हजर," येमूल म्हणाले.

नऊ माना वळल्या. नऊ जणांनी आवाजाच्या दिशेने पाहिलं, दारात, भिंतीवर, जिन्याकडे, आणि नऊ चेहऱ्यांवर तेच आलं, जे वार्षिक फोटोच्या दिवशी माझ्या तळहातांत आलं होतं. कुणाचा तरी कप बशीत कलंडला.

मी त्यांना पट्ट्या काढायला लावल्या. नाक दाखवलं, यादी दाखवली, एकेकाला रांगेत उभं करून येमूलांच्या खांद्यावर हात ठेवायला लावला. हात ठेवला की प्रत्येकजण दचकून मागे सरायचा. येमूल सगळ्यांना नमस्कार करत होते, लग्नात नवरदेव करतो तसे. हत्तुरे शेवटी आले. त्यांनी हात ठेवला आणि काढलाच नाही.

"मल्लिनाथ," येमूल म्हणाले, "गंगक्काला शेवटचं कधी पाहिलंत?"

घरीच आहे, असणारच, ते म्हणाले. भाकरी तर रोज असते. कडक भाकरीची चळत फडताळात असते, त्यातून मी घेतो. बोलता बोलता ते थांबले. कडक भाकरी पंधरा पंधरा दिवस टिकते. ताजी शेवटची कधी खाल्ली, हे ते आठवत होते, आणि ते आठवताना त्यांचा तो रुंद अंगठा आपोआप बोटांच्या आत जाऊन लपला.

आवाज कधी ऐकलात, मी विचारलं. परवा, ते म्हणाले. परवा रात्री जिन्याकडून हाक आल्यासारखी वाटली. मी उठून पाहिलं. कुणी नव्हतं.

त्यांचं घर मागच्याच गल्लीत. आम्ही अकराही जण धावलो, सगळे साठीच्या पुढचे. दार उघडंच होतं. पहिली खोली नेटकी, उजेड चांगला, भिंती मोकळ्या. मला काहीच दिसलं नाही आणि दिसणारही नव्हतं; हत्तुरेंचे अंगठे मीही शिकले होते. उंबऱ्यातून हाक दिली, "गंगक्का हत्तुरे." उत्तर आलं नाही. कॅमेरा उचलला, पण येमूलांनी तो खाली केला. पट्टी कधीच न बांधलेला आमच्यात तेवढा एकच माणूस होता. त्यांनी माझ्या हातातून बाही सोडवून घेतली आणि आत गेले, आणि चार पावलांवर मला दिसेनासे झाले.

"गंगक्का हत्तुरे," मी पुन्हा म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

गच्चीच्या जिन्याखालून येमूलांचा आवाज आला. "हजर आहेत, बाई. पाय मोडलाय. आधी पाणी आणा."

हत्तुरेंनी तांब्या भरला, अर्धा सांडत. जिन्याखाली गेले आणि तिथे उभे राहिले. समोर स्वच्छ झाडलेली फरशी होती आणि तिच्यावर उन्हाचा एक तिरपा पट्टा. येमूलांचा आवाज सांगत होता, खाली बसा, आणखी खाली, डावीकडे, हात पुढे करा. ते गुडघ्यांवर बसले आणि रिकाम्या जागेपुढे तांब्या धरला. हात इतके थरथरत होते की पाणी फरशीवर उडत होतं.

मग तांब्याचं थरथरणं थांबलं. पलीकडून कुणीतरी तो धरला होता.